राखीव जागेचा इतिहास : हार्ड डिस्कवरील अदृश्य भाग आणि त्यांची नोंद

कोकणातील अष्टागर भागातील नागाव आणि त्याच्या शेजारचे आक्षी ही गावे मराठीच्या अभ्यासकांना त्यांच्या शिलालेखांमुळे परिचित आहेत. आक्षीच्या लेखावर शके ९३४ असा काल कोरलेला असून त्यात महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य दिल्याची नोंद आहे, तर नागावचा लेख हंबीररावाच्या कारकिर्दीतील, शके १२८९ चा, म्हणजे इ.स. १३६७ चा आहे. कोणता हिस्सा कोणासाठी राखला हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा रीतीने दगडावर लिहावे आणि राखलेले मोडणाऱ्यासाठी खाली गधेगाळ, म्हणजे शापाचे चित्र, कोरावी, अशी त्या काळातील कोकणाची रीत होती. आज त्याच नागावात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये उभ्या राहिलेल्या घरगुती निवासांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण हार्ड डिस्कवर साठते, आणि हार्ड डिस्कवरची राखीव जागा मात्र नेमकी उलट रीतीने राखली गेली आहे : तिची खबर बहुधा डिस्कच्या मालकालाही नसते. ही जागा कशी निर्माण झाली आणि संगणकाचा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमने तिच्याशी कसा व्यवहार केला, हा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ लपवाछपवीने झाला नाही. १९८० साली सीगेट कंपनीने आणलेल्या एसटी-५०६ या पाच मेगाबाइटच्या डिस्कच्या पिढीत चुंबकीय थरातील दोष मुळीच झाकलेले नसत. कारखान्यातील तपासणीत सापडलेल्या सदोष पट्ट्यांची यादी डिस्कवरच्या चिठ्ठीवर छापलेली असे आणि डिस्क प्रथम सिद्ध करताना तंत्रज्ञ ती यादी संगणकाला स्वतः सांगत असे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्कचे नियंत्रण करणारे मंडल डिस्कच्याच अंगावर बसवण्यात आले आणि ही चिठ्ठी अनावश्यक ठरली. कारखान्यातील दोषांची एक यादी व वापरात वाढलेल्या दोषांची दुसरी यादी डिस्क स्वतःच बाळगू लागली, खराब सेक्टरच्या (म्हणजे साठवणीच्या सर्वांत लहान खणाच्या) जागी ती राखीव सेक्टर परस्पर जोडू लागली, आणि या याद्यांसाठी तसेच स्वतःच्या आज्ञावलीसाठी तिने आपल्या तबकड्यांवर एक सेवाक्षेत्र वेगळे ठेवले. ऑपरेटिंग सिस्टीमला तेव्हापासून शून्यापासून सुरू होणारी क्रमांकांची अखंड मालिका तेवढी दिसते; कोणता क्रमांक तबकडीवर प्रत्यक्षात कोठे आहे, हे डिस्कच जाणते. ही सोय हितकारक होती यात शंका नाही, परंतु ‘किती जागा आहे’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार त्याच वेळी संगणकाकडून डिस्ककडे गेला.

या अधिकाराला विधिवत रूप १९९८ च्या सुमारास एटीए-४ या मानकाने दिले. डिस्क आणि संगणक यांच्यातील संभाषणाची भाषा ठरवणाऱ्या या मानकात ‘होस्ट प्रोटेक्टेड एरिया’, संक्षेपाने एचपीए, या राखीव क्षेत्राची सोय झाली. डिस्कची मूळ क्षमता विचारणारी एक आज्ञा आणि कमाल क्रमांक खाली आणणारी दुसरी आज्ञा, अशा दोन आज्ञांवर ही सोय उभी होती. कमाल क्रमांक एकदा खाली आणला की त्यापलीकडचा भाग डिस्कच्या शेवटी शाबूत राहतो, पण नेहमीच्या चौकशीला डिस्क कमी केलेलीच क्षमता सांगते. ही मर्यादा कायमची ठेवता येते किंवा वीज बंद होईपर्यंतच लागू करता येते, आणि या लहानशा तरतुदीचे महत्त्व पुढे गुन्हे-अन्वेषणात फार वाढले. संगणक विकणाऱ्या कंपन्यांनी मूळ प्रणाली पुन्हा बसवण्याचे साहित्य या क्षेत्रात ठेवले, कारण ग्राहकाने सगळी डिस्क पुसली तरी ते वाचत असे. त्या सुमाराचे काही बायोस (संगणक सुरू होताच प्रथम चालणारी आज्ञावली) सुमारे ३२ गिगाबाइटपेक्षा मोठी डिस्क ओळखतच नसत, आणि मोठ्या डिस्कला लहान असल्याचे सांगायला लावूनच त्यांचे काम चालवावे लागे.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या. विंडोजने डिस्क जी क्षमता सांगेल ती प्रमाण मानली आणि राखीव क्षेत्राला हात लावला नाही. लिनक्सचा जुना डिस्क-चालक मात्र असे क्षेत्र आढळताच मर्यादा उठवून पूर्ण डिस्क खुली करीत असे. त्याच्या जागी आलेल्या ‘लिबएटीए’ या नव्या चालकाने बायोसने घातलेली मर्यादा पाळणे हा नेहमीचा नियम केला आणि ती झुगारण्याचा पर्याय वापरणाऱ्याच्या हाती दिला; पुढे त्यात अशीही तजवीज झाली की डिस्कवरील विभागांची नोंद दिसणाऱ्या क्षमतेच्या पलीकडे जात असेल तर मूळ क्षमता आपोआप खुली व्हावी. या बदलांमागे खरे अनुभव होते. काही मदरबोर्ड बायोसची प्रत ठेवण्यासाठी वापरणाऱ्याला न विचारता डिस्कच्या शेवटचा सुमारे एक मेगाबाइट राखून घेत. अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या रेड रचनेत अशी एक डिस्क किंचित आखूड झाली तरी आपल्या घटकांची नोंद डिस्कच्या टोकाशी शोधणारी सगळी रचना तिला ओळखेनाशी होई. मालकाच्या नकळत केलेली राखण किती महागात पडते याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःही जागा राखतात. लिनक्सच्या एक्स्ट या फाइल-रचनेत पाच टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी राखण्याचा प्रघात आहे आणि विंडोज ७ ने नव्या बसवणीत १०० मेगाबाइटचा एक विभाग स्वतःसाठी वेगळा काढला. अशी जागा सामान्य वापरात दिसत नसली तरी डिस्कच्या नोंदीत लिहिलेली असते आणि साध्या साधनांनी वाचता येते, म्हणून तिला एचपीएच्या पंक्तीत बसवणे योग्य नाही.

एटीए-६ मानकाने यावर आणखी एक थर चढवला. ‘डिव्हाइस कॉन्फिगरेशन ओव्हरले’, म्हणजे डीसीओ, या सोयीमुळे डिस्कची मूळ क्षमतासुद्धा कमी करून सांगता येऊ लागली, त्यामुळे एचपीए उघडणाऱ्यालाही खरा आकडा मिळेलच असे राहिले नाही. शिवाय आधी एचपीए काढल्याशिवाय डीसीओ मूळपदी आणता येत नाही. २००६ साली गुप्ता, होशेल आणि रॉजर्स यांनी या दोन क्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधाने अन्वेषकांचे लक्ष वेधले, आणि डिस्कची प्रत घेण्यापूर्वी तिच्या दोन्ही क्षमता विचारण्याचा संकेत रूढ होत गेला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण हा वादाचा विषय होता, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणताना तत्कालीन भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचा निर्णय दिला. त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्यही लिहावे लागते; हॅश म्हणजे साठवलेल्या मजकुरावरून गणिताने काढलेली अशी संख्या, की मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ती बदलते. अडचण अशी की हॅश डिस्क जेवढा भाग दाखवते तेवढ्यावरूनच निघते. एका तज्ज्ञाने राखीव क्षेत्र बंद ठेवून आणि दुसऱ्याने ते उघडून प्रत घेतली, तर दोघेही प्रामाणिक असून हॅश मात्र दोन येतील, आणि बचावपक्षाला त्यातून छेडछाडीचा संशय उभा करता येईल. क्षेत्र वीज बंद होईपर्यंतच उघडण्याची तरतूद येथे उपयोगी पडते, कारण त्यामुळे डिस्कची मूळ स्थिती कायम राहते.

नागावसारख्या पर्यटनाच्या गावात चोरी किंवा अपघात घडला की पहिली मागणी कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, होते. अनेक डीव्हीआर आपल्या स्वतंत्र फाइल-रचनेत लिहीत असल्यामुळे त्यांची डिस्क विंडोजला जोडली असता सगळी जागा न वाटलेली दिसते आणि डिस्क नव्याने सिद्ध करावी का, असे विचारले जाते. त्याला होकार देणे म्हणजे पुराव्यावर लिहिणे होय.

पुढे एसीएस-३ मानकाने एचपीए आणि डीसीओ दोन्ही कालबाह्य ठरवून त्यांच्या जागी क्षमता ठरवण्याची एकच नवी पद्धत आणली. तथापि जुन्या डिस्क अजून वापरात आहेत, आणि तबकड्यांऐवजी चिपवर साठवण करणाऱ्या नव्या एसएसडीमध्ये तर झीज सावरण्यासाठी राखलेली जागा कोणत्याही साध्या आज्ञेने वाचता येत नाही. म्हणून जप्तीच्या पंचनाम्यात डिस्कचा अनुक्रमांक आणि हॅश यांबरोबर तिने सांगितलेली क्षमता, तिची मूळ क्षमता आणि राखीव क्षेत्र उघडले होते की नाही, या तीन गोष्टी लिहिणे सक्तीचे केले पाहिजे.