वाऱ्याचा आळ, पाण्याची साक्ष

सकाळी उठायला गेलेल्या माणसाचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, की गावाकडे आजही म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ पुस्तकी शब्द अर्धांगवायू. त्यातही वायू आहेच. इंग्रजीतल्या ‘स्ट्रोक’चा अर्थ तडाखा. वारा म्हणा की तडाखा, मारणारा कुणाला दिसलेला नाही. १६५८ साली स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या योहान याकोब वेप्फर या वैद्याने असे मृतदेह उघडून मेंदूत साकळलेलं रक्त दाखवलं, तेव्हा कुठे चर्चेला बूड आलं. अट मात्र एकच होती. आधी रोगी मरायला हवा.

ही अट पुढे तीनशे वर्षं टिकली. तिचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पॅरिसचं. १८६१च्या एप्रिलमध्ये बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण वारला. वय ५१. त्याला समोरच्याचं बोलणं कळे, पण उत्तरादाखल तोंडातून ‘तां’ एवढाच उच्चार निघे. त्यामुळे त्याचं नावच तां पडलं होतं. शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू काढला आणि डाव्या बाजूला, पुढच्या भागात खराब झालेली जागा दाखवली. त्याच वर्षी लेलाँ नावाचे ८४ वर्षांचे गृहस्थ गेले. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांच्याकडे पाचच शब्द उरले होते. त्यांच्याही मेंदूत इजा जवळपास तिथेच होती. वाचेचं केंद्र म्हणून ही जागा पाठ्यपुस्तकांत गेली.

ब्रोकांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली, खरं तर केली नाही: मेंदू कापले नाहीत. वरून बघितले आणि अखंड जपून ठेवले. त्यामुळे २००७ साली नीना ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांना ते दोन्ही मेंदू एमआरआय यंत्रात घालता आले. इजा ब्रोकांना वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल निघाली. मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यापर्यंत ती गेली होती. दीडशे वर्षं शिकवलेला धडा त्यामुळे खोटा ठरला नाही, पण अपुरा मात्र ठरला.

जिवंत माणसाच्या कवटीत डोकावण्याची सोय आधी सीटी स्कॅनने केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं. रक्तस्राव झाला असेल तर सीटीवर तो लगेच पांढरा दिसतो. पण बहुतेक झटके रक्तस्रावाने येत नाहीत, गुठळीने रक्तवाहिनी तुंबल्यामुळे येतात, आणि तिथे पहिल्या काही तासांत सीटी बहुधा स्वच्छ येते. रुग्णाचा हात हलत नाही आणि रिपोर्ट म्हणतो ‘नॉर्मल’! नातेवाइकांनी यावर काय समजायचं?

उत्तर अशा जागी सापडलं जिथे कुणी पक्षाघाताचा विचारही करत नव्हतं. एमआरआय मुळात पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संदेश घेतो. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भटकतात आणि त्यामुळे हा संदेश क्षीण होतो, हे अर्विन हान यांनी १९५० सालीच टिपलं होतं. १९६५मध्ये स्टेस्कल आणि टॅनर या रसायनशास्त्रज्ञांनी ती भटकंती मोजायची रीत बसवली. दनी ल बियाँ या फ्रेंच डॉक्टरने १९८५-८६च्या सुमारास ती रीत माणसाच्या मेंदूच्या चित्रणात आणली. या तंत्राचं नाव डिफ्युजन. जिथे पाणी मोकळं फिरतं तिथला संदेश मावळतो. जिथे ते अडकून पडतं तिथला टिकतो आणि चित्रात पांढरा उजळतो.

आता रक्त थांबलेल्या पेशीकडे बघा. प्राणवायू आणि साखर बंद झाली, की पेशीच्या कवचातले क्षार बाहेर टाकणारे पंप काही मिनिटांत बंद पडतात. क्षार आत साचतात, त्यांच्यामागून पाणी शिरतं, पेशी फुगते. बाहेरची मोकळी जागा आक्रसते आणि पाण्याची भटकंती मंदावते. नेमकी हीच गोष्ट डिफ्युजनला दिसते. १९९०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूतली एक मुख्य धमनी बंद करून चित्रं काढली. पाऊण तासाच्या आत डिफ्युजनवर डाग उजळला. नेहमीच्या एमआरआय चित्राला तो दिसायला दोन-तीन तास लागले. या कथेत एकच दृश्य निवडायचं झालं, तर ते हे निवडावं.

माणसावर हेच करणं अवघड होतं, कारण डोकं जरा हललं तरी चित्र बिघडे. पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७मध्ये सुचवलेली अतिवेगवान चित्रणाची पद्धत नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या यंत्रांत आली, तेव्हा ही अडचण सुटली. स्टीव्हन वॉराक यांच्या गटाने १९९२मध्ये ताज्या झटक्याच्या रुग्णांची डिफ्युजन चित्रं प्रसिद्ध केली. मुहूर्तही चांगला लागला. १९९५च्या डिसेंबरात गुठळी विरघळवणारं औषध तीन तासांच्या आत दिलं तर फायदा होतो हे सिद्ध झालं आणि घड्याळाला अचानक किंमत आली. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये संशयित झटक्याच्या ३५६ रुग्णांची तुलना छापून आली. गुठळीचा ताजा झटका एमआरआयने ४६ टक्के जणांत दाखवला, सीटीने १० टक्क्यांत.

पुढे याच यंत्राने घड्याळाचंही काम केलं. झोपेतच झटका आला तर वेळ सांगणार कोण? डिफ्युजनवर डाग आहे, पण फ्लेअर नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रावर अजून उमटलेला नाही, याचा अर्थ झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. या हिशेबावर युरोपात ५०३ रुग्णांची चाचणी झाली आणि २०१८मध्ये निकाल आला: औषध दिलेल्यांपैकी ५३.३ टक्के चांगले सावरले, न दिलेल्यांपैकी ४१.८. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र औषधाने थोडा वाढला.

तरीही बहुतेक आपत्कालीन कक्षांत पहिली तपासणी सीटीचीच होते. ती मिनिटांत उरकते, सगळीकडे मिळते आणि रक्तस्राव नाही ना हे आधी बघावंच लागतं. शिवाय मेंदूच्या देठातला छोटा झटका सुरुवातीला डिफ्युजनलाही चकवतो. तेव्हा घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर कुठली तपासणी करायची हे डॉक्टरांवर सोडा आणि रुग्णाला तडक रुग्णालयात न्या. माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता, ते मात्र कागदावर लिहून बरोबर घ्या.