प्रभाकर कंदिलापासून फाटकावरच्या एलईडीपर्यंत



मंडपाच्या रोषणाईचे काम दरवर्षी माझ्याकडे असते, म्हणून "दिव्यांवर काहीतरी लिहा" असा चिटणीसांचा आग्रह झाला. घराबाहेरचा दिवा आणि त्याची घरच्या घरी दुरुस्ती हा विषय तसा साधा. पण त्यामागे महाराष्ट्राचा आणि आपण राहतो त्या उत्तर प्रदेशाचा सामाईक इतिहास आहे.

एके काळी कंदील आणि त्याची काच दोन्ही परदेशातून येत. स्वदेशीच्या काळात लोकांकडून पैसा-पैसा जमवून पैसाफंड उभा राहिला आणि १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. तेथे काचेचे तंत्र शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय इकडचे, उत्तर प्रदेशातले. पुढे चंदौसीजवळच्या बहजोईलाही त्यांनी काच कारखाना काढला.

डिसेंबर १९१६ मध्ये लोकमान्य काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लखनौला आले. चारबाग स्टेशनची पायाभरणी १९१४ साली झाली होती, पण इमारत पूर्ण व्हायची होती. त्याच १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या जागेत काच कारखाना सुरू केला. तीच ओगलेवाडी. कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन आजही तेथेच आहे. तेथला 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघरी पोहोचला. कारखाना आता बंद आहे, पण जुन्या मंडळींना ते नाव सांगावे लागत नाही.

कंदिलाची रचना मोठी हुशारीची. बाजूच्या दोन नळ्यांतून ज्योतीला हवा मिळते, म्हणून वाऱ्यातही तो विझत नाही. काच तडकली तर नवी आणायची, वात जळली तर कातरायची, काजळी राखेने पुसायची. घरातले कोणीही ही दुरुस्ती करी. हयगय झालीच तर फार तर दिवा विझे.

विजेच्या दिव्याचे तसे नाही. येथे हयगय जिवावर बेतते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एका लोखंडी फाटकात करंट उतरला आणि शाळेतून आलेल्या मुलाला जोराचा झटका बसला. मुलगा थोडक्यात वाचला. दिवा खोलून पाहिला तर आत पाणी, जोडावर नुसती चिकटपट्टी आणि अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही.

म्हणून घरच्या घरी काम करताना एवढे पाळावे. फक्त बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच बंद करावा आणि टेस्टरने खात्री करावी. झाकणाखालची रबरी पट्टी कडक झाली असेल तर बदलावी, पाणी बहुधा तेथूनच शिरते. वायर शक्यतो खालच्या बाजूने आत घ्यावी आणि आत जाण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब तेथूनच गळून पडतात. जोड बंद डबीतच करावा. धातूच्या दिव्याला अर्थिंग हवेच. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. वीज कोठे गळू लागली की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. नवा दिवा घेताना आयपी ६५ लिहिले आहे का पाहावे. त्यातला पहिला आकडा धुळीपासूनच्या, दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा.

एलईडी दिवा बंद पडला म्हणून लगेच फेकू नये. पुष्कळदा आतला ड्रायव्हर गेलेला असतो. उघडता येण्याजोगा दिवा असेल तर तेवढ्याच करंटचा आणि व्होल्टेजचा नवा ड्रायव्हर बसवता येतो. मात्र पक्क्या वायरिंगमध्ये शंका आली तर परवानाधारक वायरमन बोलवावा.

यंदा मंडपात माळा लावण्याआधी आपापल्या फाटकावरचा दिवा एकदा उघडून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे.

गणपती बाप्पा मोरया!