दारूबंदी ते घरभेट : वऱ्हाडातील व्यसनमुक्ती आणि मानसिक आधाराच्या सामुदायिक प्रयत्नांचा मागोवा

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत कर्ज, कापसाचा भाव आणि नापिकी यांचा ऊहापोह विपुल झाला आहे. त्या घरांतील मनाचे आजार, पुरुषांचे मद्यपान, तरुण मुलांच्या तोंडातील खर्रा आणि या साऱ्याचा भार वाहणारी स्त्री यांकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाण (ता. महागाव) येथील एका शेतकरी कुटुंबाने सामूहिक आत्महत्या केली. ही घटना पुढे शेतकरी चळवळीच्या स्मृतीत कायमची कोरली गेली. योगायोग असा की, त्याच वर्षी पुण्यात व्यसनी व्यक्तीच्या कुटुंबाला उपचाराच्या केंद्रस्थानी आणणारी एक संस्था उभी राहिली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोहोंमधील अंतर भरून काढण्यास महाराष्ट्राला किती काळ लागला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

वऱ्हाडात या प्रश्नाला हात घालण्याची पहिली रीत वैद्यकीय नव्हती. ब्रिटिश अंमलात दारूविक्रीचे मक्ते लिलावाने देण्याची पद्धत रूढ झाली आणि अबकारीचे उत्पन्न महसुलाचे एक मोठे साधन बनले. साहजिकच व्यसनाविरुद्ध बोलण्याचे काम सरकारकडून होणे दुरापास्त होते. ते कीर्तनकाराने केले. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून घेत. स्वतःच्या मुलीच्या बारशाला मटण-दारूची जेवणावळ न घालता त्यांनी गोड जेवण दिले, ही हकिकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) श्री गुरुदेव सेवा मंडळाने खंजिरी भजन आणि सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. या प्रार्थनेकडे केवळ धार्मिक उपक्रम म्हणून पाहणे अपुरे ठरेल. दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी, म्हणजे नेमक्या गुत्त्याकडे पाय वळण्याच्या वेळी, बसण्यासाठी एक जागा आणि माणसांची सोबत तिथे मिळत असे. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभांचे बळही बव्हंशी याच गोष्टीत होते. मात्र भजनी मंडळात आपल्या पडझडीविषयी उघड बोलण्याची प्रथा नव्हती, आणि हा भेद लहान नाही.

दुसरी रीत कायद्याची. मध्यप्रांत-वऱ्हाडातील काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात १९३८ चा दारूबंदी कायदा आला. राज्यपुनर्रचनेनंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा विदर्भालाही लागू झाला. साठ-सत्तरच्या दशकांत राज्याने धोरण शिथिल केले. नंतरचा इतिहास जिल्हानिहाय आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळात महिलांची आंदोलने झाली, जिल्हाबंदी मात्र झाली नाही. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाने गावातील महिलांना मतदानाने दुकान बंद करण्याची वाट मिळाली, आणि ‘आडवी बाटली’ हा शब्दप्रयोग ग्रामीण राजकारणात रुळला. स्त्रियांच्या दृष्टीने हे मोठे यश होते. तथापि, मतपेटीतून बाटली आडवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी हात थरथरणाऱ्या, झोप न लागणाऱ्या नवऱ्याचे काय करायचे, याचे उत्तर त्या आदेशात नव्हते. अतिमद्यपी माणसाने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. कायद्याच्या चर्चेत ही वैद्यकीय बाब क्वचितच आली.

तिसरी रीत मनोरुग्णालयाची. विदर्भात ती नागपूरच्या मनोरुग्णालयाशी निगडित राहिली. दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावातून तिथे जाणे म्हणजे ‘वेड्यांच्या दवाखान्यात’ जाणे, आणि मुलीचे लग्न जुळवायचे असलेल्या घराला ते परवडणारे नव्हते. १९८९ मध्ये यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर अंतर कमी झाले. लाज तेवढी कमी झाली नाही.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले, ते याच पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरते. एका स्नेह्याचा मुलगा गर्दच्या आहारी गेल्याने अनिल अवचट यांनी त्या विषयावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी दिली, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केंद्राची घडी बसविली. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, त्यानंतरचा दीर्घ पाठपुरावा आणि बरे झालेल्या रुग्णमित्रांनीच समुपदेशक होणे ही त्याची वैशिष्ट्ये होत. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे व्यसनींच्या पत्नींसाठीचा ‘सहचरी’ हा गट. नवऱ्याला सोडविण्याची जबाबदारी तिची एकटीची नाही, त्याच्या पिण्याला ती कारणही नाही, हे तिला तिथे सांगितले गेले. महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीच्या इतिहासात हे वळण कोणत्याही बंदी-कायद्याहून कमी मोलाचे नाही. परंतु पुणे वऱ्हाडापासून दूर आहे, आणि पेरणीच्या किंवा वेचणीच्या हंगामात पस्तीस दिवस घर सोडणे अल्पभूधारकाला सहसा शक्य नसते.

म्हणून चौथी रीत, घरभेटीची, विशेष लक्ष वेधते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये आला; दोन्हींची भिस्त मुख्यतः डॉक्टरांवर होती. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातीलच कार्यकर्त्यांना नैराश्य व मद्यासक्ती ओळखण्याचे आणि धीर देण्याचे प्रशिक्षण दिले. समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ पुढच्या पायऱ्यांवर होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वाढ सहापटीहून अधिक आहे. तरीही चारांपैकी जवळजवळ तीन व्यक्ती उपचाराविनाच राहिल्या, हेही त्याच आकड्यात आहे. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य प्रशिक्षित समुपदेशकांकडून मद्यपी पुरुषांना थोडक्या बैठकांत मदत देऊन पाहिली आणि तिचा उपयोग होतो हे दाखविले. २०१५ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आखला, त्यात आशा कार्यकर्तीच्या घरभेटीला स्थान मिळाले.

या काळात कायद्याची भूमिकाही पालटली. भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. फवारणीचे औषध घेतलेल्या मुलाला दवाखान्यात नेताना घरच्यांना पोलिसांची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून सामान्यतः संरक्षण दिले. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम त्या रूपात उरले नाही.

तरुणांच्या बाबतीत मात्र योजना आणि वास्तव यांत फट दिसते. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वयोगटाच्या मानसिक आरोग्याचा व व्यसनांचा समावेश आहे. महाराष्ट्रातील त्याची केंद्रे ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने ओळखली जातात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर समोरच तयार होतो. त्याला कारखाना लागत नाही, म्हणून कारखान्यावरील धाडही त्याला लागू पडत नाही. शाळा सोडून शेतीत किंवा मजुरीत शिरलेला सतरा वर्षांचा मुलगा आरोग्य केंद्राची पायरी क्वचित चढतो. त्याच्या घरी मात्र आशा जाते, बाळंतिणीला पाहण्यासाठी किंवा लसीकरणाची आठवण करून देण्यासाठी. तिच्या मानधनाचा काही भाग कामागणिक मोजला जातो, आणि ओट्यावर बसून त्या मुलाशी अर्धा तास बोलणे त्या हिशेबात सहज बसत नाही.