मांडवीच्या तोंडचा दिवा

गोमंतकात 'दीपस्तंभ' हा शब्द उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही, देऊळ येते. मंगेशीच्या प्रांगणातला तो सात मजल्यांचा शुभ्र स्तंभ आणि उत्सवाच्या रात्री त्याच्या कोनाड्यांतून दिवे उजळले म्हणजे अंधारात एकावर एक रचल्यासारखी दिसणारी तेजाची वलये ज्याने पाहिली आहेत, त्याला या शब्दाचा दुसरा अर्थ मुद्दाम सांगावा लागतो. आणि तो अर्थ प्रत्यक्ष पाहावयाचा तर बारदेशच्या नैर्ऋत्य टोकाला, जेथे मांडवी सागराच्या स्वाधीन होते तेथे, आग्वादच्या किल्ल्यावर जावे लागते. मी तेथे प्रथम गेलो तेव्हा खंदक ओलांडून आत पाऊल टाकताच, जांभ्या दगडाच्या त्या ओसाड, तांबूस पटांगणाच्या कडेला चुन्याने माखलेला, वर निमुळता होत गेलेला तो वाटोळा चौमजली मनोरा पाहून, येथले देऊळ पडून गेले आणि दीपमाळ तेवढी मागे राहिली की काय, असा क्षणभर भ्रम झाला. गवंड्याने देवासाठी बांधावे की फिरंग्यासाठी, चुन्याचा हात शेवटी तोच असावयाचा.

हा मनोरा १८६४ सालचा म्हणून सांगतात.  परंतु आपण ज्यांना सरसकट दीपगृहे म्हणतो त्यांत दोन जाती आहेत, आणि हा भेद ध्यानी घेतल्यावाचून आग्वादचे मर्म उलगडत नाही. खांदेरीच्या बेटावर १८६७ पासून जळणारा दिवा घ्या: येथे खडक आहे, यापासून अंतर राखून आपल्या वाटेने जा, असे तो गलबताला बजावतो. नदीच्या मुखाशी लावलेल्या दिव्याचे काम याहून नाजूक. त्याला परक्या काळोखातून येणाऱ्या नाखव्यास घरात बोलवावयाचे असते, आणि बोलावताना उंबरठ्याला ठेच लागणार नाही एवढे पाहावयाचे असते. तिन्हीसांजेला दारात दिवा लावून ठेवणाऱ्या घरधनिणीचीच ही रीत, फक्त उंबरठा वाळूचा आणि पाहुणा हजार खंडी मालाचा.

मांडवीचा हा उंबरठा मोठा लहरी आहे. नैर्ऋत्येचा पाऊस सुरू झाला की समुद्राच्या लाटा नदीच्या तोंडाशी वाळूचे दांडे उभे करतात, आणि पावसाळाभर तेथून मोठ्या पडावांची ये-जा थांबते. लोखंडाचे खनिज वाहणाऱ्या बार्जसुद्धा या दिवसांत आग्वादची वाट सोडून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरत आणि तेथून मुरगाव बंदर गाठत. अशाच बार्जवर आयुष्य काढलेला एक वृद्ध तांडेल मला बेतीच्या फेरीत भेटला. "काका, एवढी वर्षे ये-जा केल्यावर वाट तोंडपाठ झाली असेल," असे मी म्हणालो, तेव्हा तो हसून उद्गारला, "बाब, दांडा काय नकाशात बसून राहतो? गेल्या वर्षीची वाट यंदा विचारायची नसते." पुढे फेरी धक्क्याला लागेपर्यंत त्याने तोंड उघडले नाही, परंतु दीपगृहावरील ग्रंथात सापडणार नाही एवढे ज्ञान त्या एका वाक्यात होते.

पावसाळा ओसरू लागला, दांडे फुटले, नदी पुन्हा वाहतुकीला मोकळी झाली, की त्याचाही सोहळा होतो. आग्वादच्या टेकडीवर सां लॉरेन्स या संताचे चर्च आहे; लिन्यारिशचा काउंट हा गोव्याचा विजरई असताना, म्हणजे १६३० च्या सुमारास, ते उभे राहिले. (आपल्या जुन्या कागदांत पोर्तुगीज व्हाइसरॉयला विजरई म्हटले आहे, मलाही तेच नाव सोईचे वाटते.) हा संत खलाश्यांचा रक्षणकर्ता, आणि १० ऑगस्टला येणारा त्याचा उत्सव मांडवीचे तोंड उघडल्याचा उत्सव मानला जातो. याच सुमारास, कधी काही दिवस आधी तर कधी दोन-तीन आठवडे नंतर, रत्नागिरीपासून मुंबईपर्यंतचा कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होडी पाण्यात लोटतो. एकाच्या हाती मेणबत्ती आणि दुसऱ्याच्या हाती श्रीफळ असले, तरी दोघांचे पंचांग एकाच पावसाने लिहिलेले आहे.

दिव्याच्याही आधी येथे पाणी होते. 'आग्वाद' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच मुळी पाणी भरून घेण्याची जागा असा. लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघालेले गलबत आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या आसपास येथे पोहोचे; पाच-सहा महिन्यांच्या त्या प्रवासात पिंपातले पाणी नासलेले, माणसे स्कर्व्हीने खंगलेली, आणि पहिली याचना गोड्या पाण्याची. टेकडीच्या पायथ्याशी जिवंत झरे होते, त्यांना फिरंग्यांनी मोठ्या मार्मिकपणे 'पाण्याची आई' म्हटले. आणि वर किल्ल्याच्या पटांगणाखाली खांबांवर तोललेले एक टाके खोदले, ज्याची धारणशक्ती २३,७६,००० गॅलन सांगतात. आज आपण ज्या फरसबंदीवरून हिंडतो ती या टाक्याचे छत आहे. तिच्यातल्या एका झरोक्यावर मी ओणवा झालो, तेव्हा खालून आलेला थंड, ओलसर वास हा भर दुपारच्या त्या तापलेल्या जांभ्यावर जणू दुसऱ्याच एखाद्या ऋतूचा निरोप वाटला.

किल्ला पुरा झाला १६१२ साली, विजरई रुय लोरेन्सु द ताव्होरा याच्या अमदानीत, आणि त्याचे कारण होते वलंदेज. १६०२ मध्ये कंपनी स्थापून पूर्वेच्या व्यापारात उतरलेल्या या डचांनी फिरंग्यांच्या मिरीच्या मक्तेदारीला सुरुंग लावला होता. पुढे १६३६ ते १६४४ या काळात त्यांची आरमारे हंगामागून हंगाम येऊन गोव्याचे तोंड कोंडून बसत. अशा शत्रूसमोर नदीच्या दारावर तोफा हव्यात हे उघड होते. ७९ तोफांचा हा किल्ला त्यासाठी उठला, आणि मुलखाच्या बाजूने येणाऱ्या शत्रूलाही तो दाद देईना. ज्या वर्षी चिमाजीअप्पांनी वसई घेतली त्याच १७३९ साली वाडीकर सावंतांच्या फौजा बारदेशात शिरल्या, तेव्हा सारा प्रांत फिरंग्यांच्या हातून निसटला. उरली ती दोन ठाणी, पणजीसमोरचे रेइश मागूश आणि हे आग्वाद. नेपोलियनच्या धास्तीने १७९९ ते १८१३ पर्यंत येथे इंग्रजांची शिबंदी तैनात होती, हाही एक चमत्कारिक अध्याय. पण त्या चौदा वर्षांत येथे लढाई अशी झाली नाही, तेव्हा आपणही पुढे जाऊ.

मला या दीपगृहाच्या इतिहासातले सर्वांत हृद्य प्रकरण वाटते ते घंटेचे. जुन्या गोव्यात आगस्तीनी साधूंचे जे महामंदिर होते, त्याचा ४६ मीटर उंचीचा, १६०२ साली पूर्ण झालेला बुरूज आजही अर्धा कोसळलेल्या अवस्थेत उभा आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, साधूंना मठ सोडून जाण्याचा हुकूम झाला, आणि कोणी राहिले नाही म्हणजे वास्तूचे जे व्हायचे तेच झाले: १८४२ मध्ये मंदिराचे छत खाली आले. त्या आधीच, १८४१ साली, त्याची अजस्र घंटा उतरवून आग्वादच्या किल्ल्यावर नेण्यात आली होती, आणि पुढे ती दीपगृहाला मिळाली. पावसाच्या झडीत वा धुक्यात दिवा दिसेनासा झाला की नादाने वाट दाखवावी म्हणून दीपगृहाला घंटा देण्याची चाल तेव्हा युरोपातही होती. परंतु तेथे ती त्या कामासाठीच ओतलेली असे. येथे मात्र भजनाला बोलावण्यासाठी घडवलेली, २,२५० किलो वजनाची घंटा नोकरी बदलून बंदरखात्यात रुजू झाली आणि तीस वर्षे या टेकडीवर राहिली.

याच काळात जुने गोवे रोगराईने ओस पडून राजधानी पणजीला आली होती. १८४३ साली त्यावर सरकारी शिक्कामोर्तबही झाले. नव्या राजधानीच्या टेकडीवरचे चर्च १८७१ मध्ये सजवताना, त्याला शोभेल अशी घंटा हवी म्हणून ही घंटा आग्वादहून पुन्हा उतरवण्यात आली आणि पणजीला गेली. सगळ्या गोमंतकात हिच्याहून मोठी घंटा एकच, जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलातली. राज्यकर्त्यांची गादी नदीच्या काठाने जशी सरकली तशी, थोड्या आडवळणाने, ही घंटाही सरकली. एखाद्या दप्तरी शोधून जे कळावयाचे ते या एका घंटेच्या बदल्यांवरून कळते.

घंटा गेल्यावर आग्वादच्या वाट्याला जे आले ते सांगताना लेखणी जड होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अंमलात किल्ल्याच्या खालच्या, पाण्यालगतच्या भागाचा तुरुंग झाला. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदीचा हुकूम मोडला, आणि पुढच्याच महिन्यात गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पकडून आग्वादच्या अंधाऱ्या, ओल्या कोठडीत टाकण्यात आले. लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशीच्या किल्ल्यात केली. पेनिशीच्या भूशिरावरही १७९० पासून एक दीपगृह आहे. १९५५ च्या सत्याग्रहात सरहद्द ओलांडून गेलेले नानासाहेब गोरे, मधू लिमये आणि त्यांचे सहकारी यांचीही कैद याच आग्वादने पाहिली. माथ्यावर परक्या खलाश्याला वाट दाखवणारा दिवा, आणि पायथ्याशी घरच्या माणसाची वाट अडवणारे गज, ही रचना १९ डिसेंबर १९६१ पर्यंत कोणा अधिकाऱ्यास विसंगत वाटली असेल असे मला वाटत नाही. स्वातंत्र्यानंतरही तो तुरुंगच राहिला. त्याचे स्मारक आणि संग्रहालय झाले ते २०२१ मध्ये. कोठड्या आता स्वच्छ, सुप्रकाशित आहेत, माझ्या मते थोड्या जास्तच.

जुन्या मनोऱ्यातला दिवा १९७६ मध्ये विझला आणि जवळच उभारलेल्या नव्या दीपगृहाने काम हाती घेतले. नव्याविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. ते चोख काम करते आणि दिसायला पाण्याच्या टाकीसारखे आहे. तरी दीपगृह असले म्हणजे जहाज वाचलेच असा नियम नव्हे. जून २००० मध्ये, याच टेकडीच्या उत्तरेला, कांदोळीच्या किनाऱ्यावर 'रिव्हर प्रिन्सेस' हे भलेमोठे खनिजवाहू जहाज पावसाळी समुद्राने वाळूत आणून रुतवले, आणि नदीची ही राजकन्या पुढे सुमारे बारा वर्षे तेथेच गंजत पडली. तांडेलाचे वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवले.

मी गेलो त्या दिवशी मनोऱ्याचे दार बंद होते. कुलूप गंजलेले, चौकटीखाली चुन्याचे पापुद्रे पडलेले. हात लावला तर तळहाताला पांढरी भुकटी आणि तिच्याआड जांभ्याचा तांबडा रंग लागला. तटावर जाऊन उभा राहिलो. डावीकडे नदी, उजवीकडे समुद्र, आणि मध्ये, भरतीच्या पाण्याचा रंग जेथे अचानक फिका होतो ती तिरपी रेघ: तोच तो दांडा. एक मासेमारी नौका सरळ रेघेवर चालून येत होती; अगदी जवळ आल्यावर तिने दक्षिणेकडे एक लांब वळण घेतले आणि मग निश्चिंतपणे आत शिरली.

आग्वाद पाहण्यास जाणाऱ्यांनी उतरत्या उन्हाची वेळ धरावी, टाक्याचा झरोका चुकवू नये, आणि परतताना पणजीत उतरून त्या नागमोडी पायऱ्यांच्या पांढऱ्या चर्चसमोर थोडे थांबावे. मठातून दीपगृहात आणि दीपगृहातून येथे आलेली ती घंटा वर मधल्या मनोऱ्यात आहे. ती अजून वाजते, आणि ऐकण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.