जुन्या मोटारीचे दान
अमेरिकेत घरची जुनी सेडान मोटार धर्मादाय संस्थेस देऊन टाकण्याचा जो प्रघात रूढ झाला, त्याचे मूळ केवळ औदार्यात शोधू जाणारा फसेल. कारण 1917 साली महायुद्धाच्या खर्चासाठी प्राप्तिकर वाढविताना दानाची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची जी मुभा तेथील सरकारने दिली, तिच्याच आश्रयाने पुढे हे मोटारदानही फोफावले. मोटार बहुधा संस्थेच्या वापरात येतच नसे. दलाल ती दारातून ओढून नेई, लिलावात किंवा भंगारात विकी, आणि आपली दलाली कापून उरलेले पैसे संस्थेच्या पदरी टाकी. दाता मात्र सुस्थितीतल्या गाडीचा बाजारभाव करपत्रकात बिनदिक्कत मांडी. 2003 साली संसदेच्या तपासणी कचेरीने 54 दानांची छाननी केली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश प्रकरणांत संस्थेस दात्याने सांगितलेल्या किमतीच्या शेकडा 5 किंवा त्याहूनही कमी रक्कम मिळाल्याचे उघड झाले. दूध आटलेल्या गाई दक्षिणेत देणाऱ्या कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने निदान त्यांवर करसवलत तरी मागितली नव्हती!

अखेर 2004 च्या कायद्याने दप्तरी शिस्त आणली: 1 जानेवारी 2005 पासून, 500 डॉलरांहून अधिक वजावट मागणाऱ्यास, विक्रीतून प्रत्यक्ष वसूल झालेल्या रकमेपलीकडे सवलत मिळेनाशी झाली. संस्थेने गाडी स्वतः वापरली, तिची भरीव दुरुस्ती केली, अथवा गरजूस अल्प मोलात दिली, तरच बाजारभाव ग्राह्य धरला जातो.