किशोर फुटबॉलपटूंची शारीरिक पूर्वतयारी

सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा २०१७ मध्ये, तर याच वयोगटातील मुलींची विश्वचषक स्पर्धा २०२२ मध्ये भारतात झाली. दोन्ही स्पर्धांचे काही सामने नवी मुंबई आणि गोव्यातील मडगाव येथे खेळवले गेले. शालेय संघांसाठीची सुब्रतो चषक स्पर्धा तर १९६० पासून देशात सुरू आहे. या वयातील खेळाडूंच्या बाबतीत कौशल्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न शरीराच्या तयारीचा असतो. ही तयारी चुकीच्या पद्धतीने झाल्यास होतकरू खेळाडूला ऐन उमेदीच्या काळात मैदानापासून दूर राहावे लागते.

किशोरवयीन खेळाडू म्हणजे प्रौढ खेळाडूची लहान प्रतिकृती नव्हे. उंची वाढण्याचा वेग मुलींमध्ये साधारणतः बाराव्या, तर मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो. या काळात हाडे झपाट्याने लांब होतात. स्नायूंची लवचीकता आणि शरीराचा तोल मात्र काहीसा मागे पडतो. हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भागही तुलनेने नाजूक असतो. टाच दुखणे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली वेदना व फुगवटा येणे या तक्रारी याच वयात प्रामुख्याने आढळतात. अशा दुखण्याकडे आळस किंवा कामचुकारपणा म्हणून पाहणे धोक्याचे ठरते. एकाच वयाच्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत मोठे अंतर असू शकते. त्यामुळे दर तीन महिन्यांनी उंची मोजून सरावाचे प्रमाण ठरवणे उपयुक्त मानले जाते.

सरावापूर्वी मैदानाला काही फेऱ्या मारून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. धावण्याने शरीरात ऊब येते. परंतु उडीनंतर जमिनीवर उतरणे, अचानक दिशा बदलणे, एका पायावर तोल सावरणे या फुटबॉलमधील क्रियांची तयारी त्यातून होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, म्हणजेच फिफाने, वैद्यकीय तज्ज्ञांच्या साहाय्याने 'फिफा ११ प्लस' हा व्यायामक्रम विकसित केला. तो चौदा वर्षे व त्यापुढील खेळाडूंसाठी असून त्यात एकूण १५ व्यायाम आहेत. सुमारे २० मिनिटांचा हा क्रम आठवड्यातून किमान दोनदा, सरावाच्या प्रारंभी करावयाचा असतो.

या क्रमाचे तीन भाग आहेत. पहिल्या आठ मिनिटांत संथ धावण्यासोबत नितंबाच्या सांध्याच्या हालचाली व जोडीदारासह करावयाच्या क्रिया असतात. पुढील दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल यांसाठी राखून ठेवलेली असतात. कोपरांवर व पायांच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरणे, मांडीच्या मागील स्नायूंना बळ देणे, एका पायावर उभे राहणे अशा व्यायामांचा त्यात समावेश असून, प्रत्येक व्यायामाच्या सोप्यापासून अवघड अशा तीन पायऱ्या आहेत. अखेरची दोन मिनिटे वेगाने धावणे व दिशा बदलणे यांसाठी असतात. या क्रमासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नसल्याने साध्या शालेय मैदानावरही तो करता येतो.

नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा क्रम करणाऱ्या संघांत दुखापतींचा एकूण धोका सुमारे एक तृतीयांशाने, तर गंभीर दुखापतींचा धोका जवळपास निम्म्याने कमी आढळला. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सात व्यायामांचा स्वतंत्र क्रम असून त्यात सुरक्षितपणे पडण्याचे तंत्रही शिकवले जाते. चार युरोपीय देशांतील या क्रमाच्या अभ्यासात दुखापतींचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २०१८ मध्ये नोंदवण्यात आले.

मुलींच्या बाबतीत ही पूर्वतयारी विशेष महत्त्वाची आहे. गुडघ्याच्या आतील प्रमुख अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या तुलनेत सुमारे दोन ते तीन पट असतो. उडीनंतर उतरताना गुडघे आतल्या बाजूला झुकणे हे त्यामागील एक कारण आहे. अशा दुखापतीनंतर खेळात परतण्यास बहुधा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत ठेवण्याची सवय मात्र सरावाने लावता येते. म्हणूनच व्यायामांच्या संख्येपेक्षा शरीराच्या योग्य स्थितीकडे प्रशिक्षकाने अधिक लक्ष देणे अपेक्षित असते.

ताकदीच्या व्यायामाने मुलांची उंची खुंटते, हा समज निराधार आहे. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, प्रथम स्वतःच्या शरीराच्या वजनावर आणि नंतर हलक्या भारासह केलेला व्यायाम सुरक्षित मानला जातो. विश्रांतीही तितकीच आवश्यक आहे. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी आणि संघटित सरावाचे साप्ताहिक तास मुलाच्या वयाच्या वर्षांहून अधिक नसावेत, असा ढोबळ संकेत क्रीडावैद्यकात आहे. भारतातील उन्हाळा लक्षात घेता सराव सकाळी लवकर किंवा सायंकाळी घेणे, तसेच मध्ये ठरावीक अंतराने पाणी देणे हितावह ठरते.

या उपायांचा लाभ सातत्यावर अवलंबून असतो. जे संघ व्यायामक्रम अधिक नियमितपणे करतात, त्यांच्यातील दुखापतींचे प्रमाण आणखी कमी आढळले आहे. केवळ स्पर्धा जवळ आल्यावर घेतलेल्या कठोर सरावापेक्षा वर्षभर पाळलेली ही वीस मिनिटे किशोर खेळाडूला दीर्घकाळ मैदानावर ठेवण्यास अधिक उपयोगी ठरतात.