कडू भोपळ्याचा मान

राजांच्या दुसऱ्या ग्रंथात (४:३८-४१) दुष्काळातील एक प्रसंग आहे. रानवेलीची अनोळखी फळे कालवणात पडली आणि शिष्यांना त्यात मरण दिसले. अलीशा संदेष्ट्याने पीठ टाकून ते अन्न निर्दोष केले. ही फळे कडू इंद्रावणाची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

हा कडूपणा म्हणजे वेलीचे कीटकांपासूनचे संरक्षण. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड वेलींचेच बी राखून दुधी ताटात आणला. तरी कडवटपणा क्वचित परततो. म्हणून दुधी चाखून कडू लागल्यास टाकूनच द्यावा.

सोलापूर जिल्ह्यात मात्र कडू भोपळा मुद्दाम पिकवितात. पंढरपूर भागातील भोपळे मिरजेस जातात. एकोणिसाव्या शतकापासून तेथे त्यांचे तंबोरे घडतात. त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. ताटाने नाकारलेले हे फळ आज प्रार्थनेच्या सुरांना आधार देते.